हिरवी झालेली ओळ

मंगळवारी संध्याकाळी मी संगणकावरची एक ओळ हिरवी केली आणि ती अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या विभागात मोडलेल्या हाडांची नोंदणी ठेवली जाते. एकेका रुग्णाची एकेक ओळ. अपघात कधी झाला, कुठलं हाड मोडलं, जखम उघडी की बंद, ऑपरेशन केव्हा झालं, कोणी केलं, आत काय बसवलं, आणि मग वर्षभराने त्या माणसाचं कसं चाललंय. वर्ष उलटलं की ओळ तांबडी होते, म्हणजे आता फोन करायचा. त्या संध्याकाळी तेवीस ओळी तांबड्या होत्या. दिवसभराची ओपीडी झालेली, डोळे चुरचुरत होते, आणि एका नंबरवर तिसऱ्यांदा रिंग पूर्ण वाजून बंद झाली. मी शेवटचा रकाना उघडला. तिथे चार पर्याय येतात: माहिती मिळाली, रुग्ण हयात नाही, रुग्णाने नकार दिला, संपर्क होऊ शकला नाही. मी चौथा निवडला. तांबडी ओळ क्षणात हिरवी झाली आणि कडेला शब्द उमटले, नोंद पूर्ण.

मला हायसं वाटलं. नंतर खुपत राहिलं ते हेच.

दिवे मालवून मी बाहेर पडले, जिन्यापर्यंत आले, आणि तिथे थबकले. पूर्ण म्हणजे काय? त्या माणसाबद्दल मला दहा मिनिटांपूर्वी जेवढं ठाऊक होतं तेवढंच आत्ताही ठाऊक होतं. म्हणजे काहीच नाही. बदलला होता तो फक्त रंग. महिन्याच्या शेवटी या ओळींची टक्केवारी निघते आणि हिरव्यांचं प्रमाण चांगलं असलं की सगळे माना डोलावतात. माझ्या त्या क्लिकने ते प्रमाण थोडं वर गेलं असणार.

चेहरा मला आठवत नव्हता, पाय मात्र लख्ख आठवत होता. सव्वीस वर्षांचा मुलगा, उजवी नडगी मोडलेली, पोटरीच्या मागच्या बाजूने हाड बाहेर आलेलं. कॅज्युअल्टीत कोणीतरी बांधलेली पट्टी सोडली तेव्हा हाडाच्या टोकाला गवताची एक वाळकी काडी चिकटलेली दिसली होती. ओल्या हाडाला चिकटलेली ती काडी चिमट्याने सहज निघाली, पण तिच्या खालची बारीक वाळू निघेना. सलाइनच्या पिशव्यांमागून पिशव्या रिकाम्या केल्या, टेबलाखाली पाणी साचलं, नर्सच्या बुटांचा चपचप आवाज येत राहिला. मग हाडाच्या आत धातूचा रॉड बसवला. पाचव्या महिन्यातला त्याचा एक्स-रे मला आवडला होता. मोडलेल्या जागेभोवती नव्या हाडाचा पांढुरका ढग धरला होता. हाड जुळू लागल्याची ती खूण असते, आणि इतक्या वर्षांनीही ती दिसली की मला मनापासून आनंद होतो. त्यानंतर तो आलाच नाही.

रुग्ण यायचा थांबला की आम्ही एकमेकांना सांगतो, बरा झाला असेल. हे वाक्य मी शिकाऊ असताना ऐकलं, पुढे मीही शिकाऊंना ऐकवलं. ते खरं असू शकतं. बरं वाटल्यावर तासन् तास बाकड्यावर बसायला कोण येईल? पण न येण्याचं दुसरं कारण याच्या अगदी उलटं असतं. वाईट झालं आणि तो दुसरीकडे गेला. किंवा कुठेच गेला नाही. ही दोन्ही माणसं आमच्या बाजूने अगदी सारखी दिसतात, रिकाम्या खुर्चीसारखी. आणि आमचा सगळा अनुभव, ज्याच्या जोरावर आम्ही पुढच्या माणसाला सल्ला देतो, तो खुर्चीत येऊन बसलेल्यांवरून बनलेला असतो. ‘माझ्या अनुभवात हा रॉड चांगला चालतो’ असं मी कितीदा म्हटलंय. खरं तर तिथे ‘जे परत आले त्यांच्यात’ एवढं जोडायला हवं होतं.

शंभरेक वर्षांपूर्वी बॉस्टनमधला एक सर्जन याच गोष्टीने झपाटला होता. अर्नेस्ट अमोरी कॉडमन. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करायचं, त्यावर तक्रार, निदान, उपचार, काय बिघडलं ते लिहायचं, आणि वर्षभराने त्या माणसाला गाठून शेवट काय झाला ते त्याच कार्डावर लिहायचं, इतकी साधी त्याची मागणी होती. शेवट वाईट असेल तर का, हे शोधायचं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलसारख्या नावाजलेल्या ठिकाणी तो काम करत होता आणि तिथे बढती ज्येष्ठतेने मिळे, निकालाने नव्हे. १९१४ मध्ये त्याने याच मुद्द्यावर राजीनामा दिला. त्याआधीच, १९११ मध्ये, त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं होतं. तिथून १९१६ पर्यंत घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचे निकाल त्याने स्वखर्चाने छापले आणि त्यात १२३ चुका कबूल केल्या. त्या चुकांची त्याने केलेली वर्गवारी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा वेळ पुस्तक मिटून बसले होते. ज्ञान किंवा कौशल्य कमी पडलं ते वेगळं, निर्णय चुकला ते वेगळं, काळजी किंवा साधनं अपुरी पडली ते वेगळं, निदान हुकलं ते वेगळं. आजार हाताबाहेरचा होता किंवा रुग्णानेच उपचार नाकारले, तेही वेगळं. एका माणसाने स्वतःच्या हातच्या कामाकडे असं बघणं, आणि ते छापून सगळ्यांच्या हातात देणं, हे मला आजही धाडसाचं वाटतं. १९१५ मध्ये त्याने भर सभेत एक व्यंगचित्र दाखवलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी घालतोय. शहामृग म्हणजे काही न विचारता पैसे मोजणारे रुग्ण, अंडी म्हणजे डॉक्टरांची कमाई. शहरातल्या डॉक्टरांना आणि त्यांच्या श्रीमंत रुग्णांना ते झोंबलं आणि स्थानिक वैद्यकीय संस्थेतलं त्याचं पद गेलं. पुढे १९२० मध्ये त्याने हाडांच्या कर्करोगाची नोंदणी सुरू केली. १९४० मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. तो बसला २०१४ मध्ये.

मला त्याच्याबद्दल कळवळा वाटतो, पण त्याहून जास्त कुतूहल वाटतं ते त्याच्या वर्षभराच्या हट्टाचं. वर्षभरच का? माझ्या परीने मला उत्तर सापडलंय. हाड मोडण्याच्या दुखण्यात सगळा झगमगाट पहिल्या दिवशी असतो. सायरन, रक्त, थिएटरचे दिवे, स्क्रीनवर सरळ झालेलं हाड. त्या रात्री आम्हाला वाटतं की काम झालं. खरं काम नंतर सुरू होतं, आणि ते आमच्या नजरेआड होतं. सूज उतरणं, कुबड्या सुटणं, घोटा वळू लागणं, रात्री कूस बदलताना जाग न येणं, कामावर परतणं. नडगीला तर महिनोन् महिने लागतात. पहिल्या दिवसाचा एक्स-रे आणि वर्षानंतरचा माणूस यांच्यात एवढं अंतर पडतं की पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायला जाऊच नये.

नोंदी नसल्या की त्यांची जागा नियम घेतात. मी शिकाऊ असताना ओपन फ्रॅक्चरसाठी, म्हणजे उघडी जखम असलेल्या मोडलेल्या हाडासाठी, सहा तासांचा नियम होता. जखम सहा तासांच्या आत थिएटरमध्ये साफ झालीच पाहिजे. रात्री दोन वाजता आम्ही धावायचो, भूल देणाऱ्यांना उठवायचो, दिवसभर उभे राहिलेले हात पहाटे तीनला जखम उघडायचे. हा सहाचा आकडा आला कुठून, हे मी कधी विचारलं नव्हतं. तो आला गिनीपिगांवरून. १८९८ मध्ये फ्रीड्रिख नावाच्या जर्मन सर्जनने गिनीपिगांच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ घातली आणि किती तासांपर्यंत ती जागा कापून काढली तर प्राणी वाचतो ते पाहिलं. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. प्रयोग चोख होता, पण त्यावरून माणसांच्या रात्री शतकभर आखल्या गेल्या. पुढे अमेरिकेतल्या आठ मोठ्या केंद्रांत पायाला गंभीर इजा झालेल्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. २०१० मध्ये त्यातल्या ३१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा इजेपासून जखम साफ होईपर्यंत किती तास गेले याचा जंतुसंसर्गाशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो योग्य रुग्णालयात पोहोचायला लागलेल्या वेळाशी. याचा अर्थ जखम तशीच पडू द्यावी असा नाही, हे मी दर वेळी बजावून सांगते. घाण भरलेली जखम लगेचच धुवावी लागते. पण पहाटे तीनला दमलेल्या हातांनी करण्यापेक्षा सकाळी अनुभवी हातांनी, प्लॅस्टिक सर्जनला बरोबर घेऊन केलेलं बरं, असं आता म्हणता येतं. ते म्हणता येतं कारण कोणीतरी त्या माणसांचं पुढे काय झालं ते लिहून ठेवलं.

प्रतिजैविकांचं मात्र उलटं. ती लवकर द्यायची, शक्यतो तासाभरात, याबद्दल वाद नाही. आणि इथेच आमच्या नोंदणीतली एक गोष्ट मला सापडली, जिच्याबद्दल मी बरेच दिवस कोणाशी बोलले नव्हते. एकदा मी वर्षभराच्या ओपन फ्रॅक्चरच्या ओळी खालीवर करत होते. पहिल्या डोसची वेळ: १०:००. १४:३०. २१:००. ०३:३०. १७:००. सगळ्या वेळा पूर्ण किंवा साडे. माणसं काय अर्ध्या तासाच्या ठोक्यालाच पाय मोडून घेतात? त्या रांगेत एकच आकडा वेगळा होता, ०४:१७. मी तिथे बराच वेळ थांबले. त्या रात्री कोणीतरी एकाने सुई टोचताना खरोखर घड्याळाकडे पाहिलं होतं. बाकीच्यांनी नंतर, सकाळी, केसपेपर समोर ठेवून, ‘किती वाजले असतील’ असा विचार करून वेळ लिहिली होती. आणि पुष्कळदा लिहिलेली वेळ औषध दिल्याची नसून औषध सांगितल्याची होती. सांगणं आणि देणं यांच्या मध्ये औषध कपाटातून येतं, पावडर विरघळते, शीर सापडते, रुग्णाला एक्स-रेला नेतात, तो परत येतो. कधी पाऊण तास जातो. आमच्या तक्त्यात बहुतेक सगळ्यांना तासाच्या आत औषध मिळत होतं. ते खोटं कोणी मुद्दाम लिहिलं नव्हतं. त्या साडेच्या वेळांमधल्या काही माझ्या होत्या.

त्यानंतर आम्ही औषधाच्या ट्रॉलीला एक घड्याळ बांधलं आणि वेळ टोचणाऱ्यानेच, तिथल्या तिथे लिहायची असं ठरवलं. पहिल्याच महिन्यात तक्ता बिघडला. तासाच्या आत औषध मिळालेल्यांचं प्रमाण धाडकन खाली आलं. बैठकीत कोणीतरी म्हणालं, आपलं काम खालावलंय. काम होतं तसंच होतं, आता ते दिसू लागलं होतं. मग कळलं की वेळ जातो तो एक्स-रेला नेण्यात, आणि औषध आधी, एक्स-रे मग, एवढ्या एका बदलाने पुष्कळ फरक पडला.

खुब्याच्या हाडाची गोष्ट याहून मोठी आहे, आणि माझ्यासाठी जिव्हाळ्याचीही. मी नव्याने लागले तेव्हा वॉर्डच्या कोपऱ्यात एक आजी ट्रॅक्शनवर होत्या. पायाला दोरी, दोरी पलंगाच्या टोकाच्या चाकावरून खाली, आणि खाली लोंबणारं वजन. कोणी पलंगाला धक्का दिला की ते वजन हलायचं आणि आजी ओठ दाबून घ्यायच्या. रोज सकाळी उपाशी ठेवायचे, दुपारी सांगायचे, आज नंबर नाही लागला. तरुणांची मोठी ऑपरेशनं आधी जायची. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी छातीत कफ भरला. ऑपरेशन झालंच नाही. त्यांच्या केसपेपरवर मृत्यूचं कारण न्यूमोनिया लिहिलं गेलं, आणि ते चूक नव्हतं. पण सहा दिवस कुठल्याच रकान्यात बसले नाहीत.

ब्रिटनमध्ये २००७ साली खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली ती हेच दिवस, हेच तास मोजण्यासाठी. हाडांचे डॉक्टर आणि वृद्धांचे डॉक्टर, दोघांच्या संघटनांनी मिळून ती उभारली, आणि माझ्या मते निम्मं यश तिथेच आहे. किती तासांत ऑपरेशन झालं, वृद्धांच्या डॉक्टरांनी पाहिलं का, पाठीला जखमा झाल्या का, पुन्हा पडू नये म्हणून काय केलं, असे मोजके प्रश्न. प्रत्येक रुग्णालयाला स्वतःचे आकडे शेजाऱ्याच्या आकड्यांबरोबर दिसत. २०१० पासून निकष पाळून उपचार झालेल्या रुग्णामागे रुग्णालयाला जादा पैसेही मिळू लागले. २००७ मध्ये दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होणाऱ्यांचं प्रमाण ५४.५ टक्के होतं, २०११ मध्ये ते ७१.३ टक्के झालं. तीस दिवसांत मरण पावणाऱ्यांचं प्रमाण १०.९ वरून ८.५ टक्क्यांवर आलं. हे आपोआपही झालं असतं असं म्हणणाऱ्यांसाठी आधीची वर्षंही तपासली गेली. २००३ ते २००७ मध्ये मृत्यूचं प्रमाण दर वर्षी, आधीच्या वर्षाच्या मानाने, जेमतेम १.८ टक्क्याने घटत होतं, नंतरच्या चार वर्षांत ७.६ टक्क्यांनी. नवं औषध नाही, नवा रॉड नाही. त्याच जुन्या ऑपरेशनला लवकर नेलं, आणि म्हाताऱ्या माणसाकडे फक्त मोडलेलं हाड म्हणून पाहिलं नाही. मी हे आकडे वाचते तेव्हा मला ते हलणारं वजन दिसतं.

स्वीडनवाल्यांची रीत मला आणखी आवडते. बसवलेल्या कृत्रिम सांध्यांच्या नोंदणीची त्यांना १९७० च्या दशकापासून सवय, गुडघ्यांची १९७५ पासून, खुब्यांची १९७९ पासून. २०११ मध्ये गोथेनबर्गहून त्यांनी फ्रॅक्चरची नोंदणी सुरू केली आणि तिच्यात ऑपरेशन न केलेली हाडंही घेतली. नुसतं प्लास्टर घातलेलं मनगट, झोळीत ठेवलेला खांदा, सगळं. हे फार महत्त्वाचं आहे. फक्त चाकूखाली आलेल्यांचीच मोजदाद केली तर चाकू लागणारच नव्हता असे किती, हे कळायचं कसं? रुग्ण पाहणारा डॉक्टरच पडद्यावरच्या सांगाड्यावर मोडलेली जागा दाबतो आणि नोंद करतो. पण मला भिडला तो त्यांचा रुग्णाला विचारलेला प्रश्न. अपघातानंतर लगेच ते विचारतात, मोडायच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही कसे होतात? आणि वर्षाने पुन्हा विचारतात. म्हणजे माणूस परत आपल्या जागेवर आला का, हे त्याच्या स्वतःच्या मापाने मोजतात. ऐंशी वर्षांच्या बाईंना पळता यायला हवं अशी अपेक्षा नाही, पण आधी त्या जिना उतरत असतील तर वर्षाने उतरतात का?

तिथेही पुष्कळ लोक वर्षानंतरची प्रश्नावली परत पाठवत नाहीत. मग २०१७ मध्ये त्यांनी न उत्तरलेल्यांपैकी काहींना शोधून विचारलं, तेव्हा त्यांची अवस्था उत्तर देणाऱ्यांपेक्षा वेगळी आढळली नाही. हे वाचून मला क्षणभर दिलासा मिळाला, माझी हिरवी ओळही मग तितकी वाईट नसेल. पण त्यांनी शोधलं, म्हणून त्यांना तसं म्हणता आलं. आणि ज्या देशात प्रत्येक माणसाचा एक क्रमांक असतो आणि त्यावरून त्याचं पुढचं ऑपरेशन किंवा मृत्यू समजतो, तिथे न उत्तरलेला माणूस हरवत नाही. माझा हरवला होता.

या कामाबद्दल माझ्या मनात शंका नाहीत असं नाही. एक नोंद भरायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं रात्री अडीचला कोणा दमलेल्या शिकाऊच्या झोपेतून जातात. आकडे जाहीर झाले की अवघड रुग्ण दुसरीकडे पाठवण्याचा मोह होतो, हे मी पाहिलंय. आणि माणसं आपल्या शरीराची माहिती आमच्या भरवशावर ठेवतात, तीही वेदनेत असताना, जेव्हा संमतीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायची ताकद नसते. २०२३ मध्ये मँचेस्टर विद्यापीठावर सायबरहल्ला झाला आणि तिथे दशकानुदशकं चाललेली गंभीर जखमींची नोंदणी बंद पडली. ती बातमी वाचून मी आमच्या संगणकाचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे ते मोजलं. आकडा सांगण्यासारखा नव्हता. त्याच आठवड्यात प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड झाला.

गुरुवारी मी ती ओळ पुन्हा उघडली. पूर्ण झालेली नोंद उघडताना संगणक कारण विचारतो. मी लिहिलं, पुन्हा फोन करायचा आहे. केसपेपरच्या अगदी पहिल्या पानावर, घाईत लिहिलेल्या अक्षरात, त्याला घेऊन आलेल्या माणसाचा नंबर होता. तो नोंदणीत कधी चढलाच नव्हता, कारण त्याला रकाना नव्हता. मी संध्याकाळऐवजी सकाळी फोन केला. त्या माणसाने लगेच ओळख दिली आणि दुसरा नंबर सांगितला.

“कोण?” पलीकडून सावध आवाज आला. मी नाव सांगितलं, रुग्णालयाचं नाव सांगितलं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. “मॅडम, काही राहिलंय का आमच्याकडून?”

मी म्हटलं, आमच्याकडून राहिलंय. तुमचा पाय कसा आहे विचारायचं राहिलं.

तो सांगत गेला. सातव्या महिन्यात पोटरीतून पू येऊ लागला. दुसरीकडे गेला. रॉड काढला, हाड साफ केलं, बाहेरून सळया लावल्या, पाच महिने. आता हाड जुळलंय, सळया काढल्या आहेत, घोटा मात्र वळत नाही. मी विचारलं, आमच्याकडे का नाही आलात? तो घुटमळला. “मागच्या वेळी तारखेला आलो नव्हतो ना. तुम्ही रागावला होतात. म्हणालात, असं करायचं असेल तर येऊच नका.” मला ते आठवत नव्हतं. पण वाक्य माझं होतं, ते मी ओळखलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, “नाही हो, तुम्ही पाय वाचवलात की,” आणि त्याने मला आणखीच वाईट वाटलं.

मग मी पाच प्रश्न विचारले, ठरलेल्या क्रमाने. हिंडणं-फिरणं, थोडी अडचण. स्वतःचं आवरणं, अडचण नाही. नेहमीची कामं. इथे तो म्हणाला, “आधीची की आताची?” आधी तो दिवसभर उभं राहून, ओझी उचलून काम करायचा. आता बसून हिशेब लिहितो, कमी पैशांत. बसून हिशेब लिहिताना पाय आड येत नाही. प्रश्नावली आजचं विचारते. आजचं उत्तर होतं, अडचण नाही. मी ते तसंच भरलं, कारण प्रश्न बदलायचा मला अधिकार नाही, पण माझं बोट त्या चौकटीवर रेंगाळलं. दुखणं, थोडं. चिंता, उदासी? “आता कमी आहे,” तो म्हणाला, आणि मी ‘आता’ या शब्दापाशी काही विचारलं नाही.

“हे कशाला लिहिता मॅडम?” शेवटी त्याने विचारलं. मी सांगितलं की अशा खूप जणांचं एकत्र बघतो, म्हणजे पुढच्या माणसाच्या वेळी कुठे चुकतंय ते कळतं.

“मग एक लिहा,” तो म्हणाला. “घरी पाठवताना तुम्ही सांगितलं होतं, जखम लाल झाली, ओली झाली तर लगेच या. पण जखम पायाच्या मागे होती. मला दिसतच नव्हती. चादरीला डाग पडले तेव्हा कळलं.”

आमच्या नोंदणीत जखमेची लांबी आहे, खोली आहे, गांभीर्याची प्रत आहे, त्वचा किती गेली ते आहे. ती जखम त्या माणसाला स्वतःला दिसते का, हा रकाना नाही. मी शेरा लिहायच्या चौकटीत त्याचं वाक्य जसंच्या तसं टंकलं. जंतुसंसर्ग, होय. पुन्हा ऑपरेशन, होय, अन्य ठिकाणी. माहिती मिळाली. ओळ पुन्हा हिरवी झाली, मंगळवारी झाली होती अगदी त्याच छटेची. मी डिस्चार्ज कार्डाचा एक कोरा नमुना काढला, ‘जखमेची काळजी’ या मथळ्याखाली पेनाने लिहिलं, ‘जखम तुम्हाला दिसते का? नसेल तर रोज कोण बघणार?’ आणि तो सिस्टरांच्या टेबलावर ठेवला. तांबड्या ओळी अजून बावीस होत्या. मी त्यांतल्या पहिलीचा केसपेपर मागवला आणि पहिलं पान उघडलं.